तिळा तिळा, स्क्रीन उघड!

मोबाईलवरचं एखादं ॲप उघडायला वेळ लागला की आपल्याकडे संशयितांची यादी ठरलेली असते. पहिला नंबर हॉस्टेलच्या वायफायचा. (त्याची बाजू घ्यायला मी इथे आलेली नाही!) दुसरा नंबर फोनचा, "जुना झालाय, फेकून दे". तिसरा नंबर क्वचितच येतो, तो म्हणजे ॲपच्या रचनेचा. या लेखात आपण हा क्रम उलटा करून बघणार आहोत. आयकॉनवर बोट ठेवल्यापासून पान दिसेपर्यंत फोनच्या पोटात काय काय होतं, त्यात घोडं नेमकं कुठे पेंड खातं, आणि ते अंदाजपंचे न करता मोजून कसं शोधायचं, असा हा विषय. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मंडळींनी लगेच पान उलटू नये. बरीचशी गोष्ट मेसच्या भाषेतच सांगणार आहे.

उदाहरणही मेसचंच. आपलं कूपनचं ॲप आधीच्या बॅचने हौसेने बनवलं, फुकट बनवलं आणि कागदी कूपनांच्या कटकटीतून सगळ्यांची सुटका केली, हे आधी मान्य करून पुढे जाते. या ॲपच्या पहिल्या पानावर वर आजचा क्यूआर कोड आणि खाली नोटिसांची यादी असते. गेल्या सेमिस्टरमध्ये हे पान काही जणींच्या फोनवर उघडायला तीन-तीन सेकंद घेऊ लागलं. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण सकाळी पावणेनऊला नाश्त्याच्या रांगेत उभं राहून पाहा. काउंटरवर पोचल्याशिवाय कोणीही फोन बाहेर काढत नाही (हा निसर्गनियम आहे). दोनशे जणींच्या रांगेत निम्म्यांचे फोन असे धरले तरी शंभर गुणिले तीन, म्हणजे पाच मिनिटं नुसती पांढऱ्या पडद्याकडे बघण्यात जातात, आणि नऊला खिडकी बंद!

त्यातही सगळ्यांचे फोन सारखे अडत नव्हते. महागडा फोनवाल्या पटकन पुढे जायच्या. ज्यांच्याकडे बाबांनी वापरून झालेला ३ जीबी रॅमचा फोन होता, त्यांच्यापाशी रांग थांबायची आणि मागून टोमणे यायचे, "अगं, नवीन घे ना एकदाचा!" माझ्या मजल्यावरची एक मुलगी खरोखरच हप्त्यावर फोन घ्यायला निघाली होती. त्याच आठवड्यात ॲपच्या टीमने मला कोड बघायला दिला. मला त्या फोनवर शंका नव्हती, कारण त्याच फोनवर इतर ॲप्समधल्या लांबलचक याद्या व्यवस्थित उघडत होत्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं काहीतरी दिसत होतं.

आता थोडा अभ्यास. फोनचा पडदा म्हणजे सिनेमाच. साधा फोन सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे १००० भागिले ६०, एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. १२० हर्ट्झवाल्या फोनला तर जेमतेम ८.३. तेवढ्यात पुढचं चित्र तयार झालं नाही तर जुनंच परत दाखवलं जातं आणि आपल्याला अडखळल्यासारखं वाटतं. अँड्रॉइडच्या ४.१ आवृत्तीत, २०१२ साली, 'प्रोजेक्ट बटर' नावाखाली हे सगळं काम पडद्याच्या ठोक्याला बांधलं गेलं. हा ठोका सांभाळणाऱ्या भागाचं नाव आहे कोरिओग्राफर. (कोणातरी इंजिनिअरला नाचाची आवड असणार.) एका दमात ३० किंवा जास्त चित्रं हुकली की कोरिओग्राफर लॉगमध्ये लिहून ठेवतो की इतक्या फ्रेम्स सुटल्या, ॲप मुख्य थ्रेडवर फार काम करत असावं. ६०च्या पडद्यावर ३० फ्रेम्स म्हणजे अर्धा सेकंद! आपल्या ॲपचा लॉग या तक्रारींनी भरलेला होता. तो कोणी उघडून वाचला नव्हता, एवढंच.

हा मुख्य थ्रेड काय प्रकरण आहे? (थ्रेडला मराठीत धागा म्हणावं की सूत्र, यावर माझं आणि संपादकांचं एकमत झालं नाही, म्हणून थ्रेडच ठेवलाय. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचे फायदे!) मुख्य थ्रेड म्हणजे मेसच्या खिडकीत बसलेला एकमेव माणूस. कूपन त्यानेच घ्यायचं, ताट त्यानेच पुढे करायचं. त्याला कोणी मागच्या कोठीतून तांदळाची पोती आणायला पाठवलं तर खिडकीत कोणीच नाही. फोनमध्ये बोटाचा स्पर्श घेणं आणि पान मांडणं ही दोन्ही कामं हा एकच थ्रेड करतो. स्पर्शाला ५ सेकंदांत उत्तर आलं नाही की 'ॲप प्रतिसाद देत नाही' ही सुप्रसिद्ध पाटी झळकते.

पान मांडण्याचे टप्पे असे. डेव्हलपरने पानाचा आराखडा एक्सएमएल फाईलमध्ये लिहिलेला असतो. लेआउट इन्फ्लेटर ती वाचतो आणि एकेका टॅगपासून एकेक व्ह्यू तयार करतो, म्हणजे मजकुराचा एक, चित्राचा एक, बटणाचा एक. याला इन्फ्लेट करणं म्हणतात, फुग्यात हवा भरल्यासारखं. मग माप घेणं (मेजर), मग प्रत्येकाला जागा देणं (लेआउट), मग रेखाटन (ड्रॉ). अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, शेवटचं ग्राफिक्स चिपकडे पाठवायचं काम वेगळा रेंडर थ्रेड करतो, पण त्याआधीचं सगळं आपल्या खिडकीवाल्याच्याच डोक्यावर.

यातला 'माप घेणं' हा टप्पा वरवर निरुपद्रवी दिसतो आणि तिथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून त्यावर जरा थांबते. समजा, रेक्टर मॅडमना कपाटांची जागा वाटायची आहे. त्या प्रत्येक मजल्याच्या प्रतिनिधीला विचारतात, तुम्हाला किती जागा हवी? मजल्याची प्रतिनिधी प्रत्येक खोलीला विचारते, खोली प्रत्येक मुलीला विचारते. उत्तरं वर येतात. एक फेरी झाली, काम झालं. पण मॅडमनी ठरवलं की उरलेली जागा 'प्रमाणात' वाटायची, तर आधी सगळ्यांना विचारून किती उरली ते काढायचं आणि मग नवा आकडा घेऊन परत सगळ्यांकडे जायचं. झाल्या दोन फेऱ्या. आता मजल्याच्या प्रतिनिधीनेही हेच धोरण ठेवलं, तर तिच्याकडे मॅडम दोनदा आल्या आणि दर वेळी ती खोल्यांकडे दोनदा गेली, म्हणजे खोलीकडे चार वेळा. खोलीनेही तेच केलं तर बिचाऱ्या मुलीला आठ वेळा विचारलं जातं की बाई, तुझं कपाट केवढं? लिनियर लेआउटमध्ये 'वेट' वापरून एकात एक डबे ठेवले की नेमकं हे होतं. दोनाचा घात, जितके थर तितका. रिलेटिव्ह लेआउटसुद्धा मुलांना दोनदा मोजतो. दर वेळी अगदी दुप्पट होतंच असं नाही, कारण तेच माप परत विचारलं तर व्ह्यू आधीचं उत्तर देऊन मोकळा होतो. पण भरवशावर राहू नये. ही उतरंड टाळता यावी म्हणून २०१६ मध्ये गुगलने कन्स्ट्रेंट लेआउट आणला, त्यात सगळे व्ह्यू एकाच पातळीवर ठेवून एकमेकांना बांधता येतात.

हे झालं शास्त्र. आता चौकशी.

सगळ्यात आधी नेट बंद केलं. फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि ॲप उघडलं. नोटिसा फोनमधल्याच डेटाबेसमध्ये साठवलेल्या होत्या, त्यामुळे पान उघडलं, पण वेळ तेवढाच. वायफाय निर्दोष सुटलं. (आयुष्यात पहिल्यांदा.)

मग वेळ मोजायची पद्धत ठरवली. हातात घड्याळ घेऊन मोजण्यात अर्थ नाही. फोन केबलने लॅपटॉपला जोडून एडीबीमधून ॲक्टिव्हिटी मॅनेजरला ॲप उघडायला सांगायचं. त्या आज्ञेला मोठा डब्ल्यू जोडला की पहिलं चित्र पडद्यावर येईपर्यंतचा वेळ मिलिसेकंदात छापून येतो, आणि मोठा एस जोडला की दर वेळी ॲप आधी पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतं. असं दहा वेळा करायचं आणि मधला आकडा, मीडियन, घ्यायचा. सरासरी नको, कारण एखाद्या वेळी फोन मध्येच दुसरं काही करत बसतो आणि सरासरी बिघडवतो. फोन तापलेला असेल तर थंड होऊ द्यायचा, कारण तापल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

मोजताना दोन सापळे असतात. पहिला, डेव्हलपर स्वतः रोज जी डीबग आवृत्ती चालवतो ती मुळातच मंद असते. लोकांच्या हातात रिलीज आवृत्ती असते, तीच मोजायची. दुसरा सापळा जास्त गमतीदार आहे. अँड्रॉइड ७ पासून फोन चार्जिंगला लावून पडलेला असताना ॲपमधला नेहमी लागणारा भाग आधीच कंपाईल करून ठेवतो. म्हणजे आज टाकलेलं ॲप चार दिवसांनी आपोआप थोडं वेगवान होऊ शकतं, आणि आपण उगाच कॉलर ताठ करतो की आपल्या कालच्या बदलाचा गुण आला!

असं मोजल्यावर त्या ३ जीबीच्या फोनवर मीडियन आला २९०० मिलिसेकंद. चला, तक्रार खरी होती.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येक जण करतो ती. कोडमध्ये ऑनक्रिएट नावाचं फंक्शन असतं, त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी वेळ छापायची. टीमने हे आधीच केलेलं होतं आणि तिथेच सगळे अडकले होते, कारण ऑनक्रिएट फक्त ३०० मिलिसेकंदांत संपत होतं. त्याच्या आधी प्रोसेस सुरू व्हायला साधारण ५५०. बेरीज ८५०. मग उरलेली दोन सेकंदं गेली कुठे? "आमच्या कोडमध्ये तर काहीच नाही, म्हणजे फोनच स्लो," असा निष्कर्ष त्यातून निघाला होता. मला वाटतं या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे की ऑनक्रिएट संपलं म्हणजे पान तयार झालं असं नाही. तिथे व्ह्यू फक्त जन्माला येतात. माप, जागा आणि रेखाटन हे सगळं त्यानंतर, पहिल्या फ्रेमच्या वेळी होतं, आणि ते आपल्या छापलेल्या दोन ओळींच्या मध्ये कुठेच सापडत नाही.

आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकलेलं एक सरळसोट हत्यार काढलं. इनपुट बदलून बघायचं. डेटाबेसमध्ये त्या दिवशी ४१२ नोटिसा होत्या. चाचणीच्या खात्यात मी त्या १०० केल्या, वेळ आला सुमारे १३५०. २०० केल्या, १८५०. ४०० केल्या, २८५०. आलेख काढायचीही गरज नाही, वाय बरोबर एमएक्स अधिक सी! सी आहे ८५०, म्हणजे वर काढलेली बेरीजच. आणि एम, म्हणजे दर नोटिशीमागे ५ मिलिसेकंद. याचा अर्थ उघड होता. पडद्यावर जेमतेम सात-आठ नोटिसा मावतात, पण ॲप पान उघडताना ४१२च्या ४१२ नोटिसांवर काम करत होतं.

खात्रीसाठी ट्रेस घेतला. अँड्रॉइड ९ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्येच सिस्टिम ट्रेसिंग आहे, आणि त्याची फाईल परफेटो नावाच्या साधनात ब्राउझरमध्ये उघडते. आडव्या काळरेषेवर प्रत्येक थ्रेड काय करत होता ते पट्ट्यांमध्ये दिसतं. आपल्या मुख्य थ्रेडवर 'मेजर'ची एकच पट्टी, दोन सेकंद लांब, आणि तिच्या पोटात 'आरव्ही क्रिएटव्ह्यू' ही छोटी पट्टी शेकडो वेळा, मुंग्यांच्या रांगेसारखी. शिवाय तेवढा पूर्ण वेळ थ्रेड 'रनिंग' स्थितीत होता. म्हणजे तो डिस्कची वाट बघत झोपलेला नव्हता, खरोखर राबत होता. (मेथड ट्रेसिंग हेही एक साधन आहे, पण त्यात प्रत्येक फंक्शनची नोंद करण्यातच इतका वेळ जातो की आकडे फुगतात. कोण कोणाला बोलावतं ते बघायला ठीक, वेळ मोजायला नको.)

आरव्ही म्हणजे रिसायकलर व्ह्यू. यादी दाखवायचं हे साधन २०१४ सालचं आणि अतिशय हुशार आहे. मेसमध्ये चारशे जण जेवतात म्हणून चारशे ताटं कोणी एकदम मांडत नाही. टेबलावर मावतील तेवढी ताटं मांडतात, एक जण उठला की तेच ताट विसळून पुढच्याला. रिसायकलर व्ह्यू असंच करतो, वर सरकून गेलेली ओळ उचलून खाली नव्या मजकुरासह लावतो. पण त्यासाठी त्याला टेबल केवढं आहे हे कळायला हवं! आपल्या पानात हा रिसायकलर व्ह्यू नेस्टेड स्क्रोल व्ह्यूच्या आत ठेवलेला होता, कूपन आणि यादी एकत्र सरकावी म्हणून. आणि स्क्रोल व्ह्यूचा स्वभाव असा की तो आतल्याला सांगतो, "उंची पाहिजे तेवढी घे, मर्यादा नाही." टेबल अमर्याद लांब आहे म्हटल्यावर रिसायकलर व्ह्यूने प्रामाणिकपणे चारशे बारा ताटं मांडली. रिसायकल करायला काही उरलंच नाही.

आता हे आधी कसं लक्षात आलं नाही, याचंही उत्तर मिळतं. ॲप बनलं तेव्हा चाचणीला पाच-सहा नोटिसा होत्या. सहा गुणिले पाच, ३० मिलिसेकंद, कोणाला कळणार? मग दर आठवड्याला आणखी काही नोटिसा, ॲप थोडं थोडं जड होत गेलं, आणि तेवढ्याच काळात फोनही थोडा थोडा जुना होत गेला. दोष फोनवर गेला. महागड्या फोनच्या प्रोसेसरला हेच काम कितीतरी कमी वेळात उरकतं, म्हणून त्या मालकिणींना पत्ताही नव्हता. आजार दोन्हीकडे एकच, ताप फक्त एकीला.

औषध सोपं निघालं. बाहेरचा स्क्रोल व्ह्यू काढला आणि कूपन हीच यादीतली पहिली ओळ केली, वेगळ्या प्रकारची. रिसायकलर व्ह्यू दोन प्रकारच्या ओळी आनंदाने सांभाळतो. पान ९०० मिलिसेकंदांवर आलं, आणि फोनच्या हप्त्याचा विषय त्याच संध्याकाळी बारगळला.

मग चटक लागली! प्रत्येक ओळीला ५ मिलिसेकंद तरी का? उघडून बघितलं तर तीन लिनियर लेआउट एकात एक, तिन्हींना वेट, वरच्या रेक्टर मॅडमसारखे. त्यातून मजकूर मोजणं हे स्वस्त काम नाही. आपल्या नोटिसा मराठीत, म्हणजे जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवून अक्षरांचे आकार ठरवायचे (अँड्रॉइडमध्ये हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते), आणि मग कुठे रुंदी कळणार. ओळ एकाच कन्स्ट्रेंट लेआउटमध्ये सपाट केली. ज्यांना लिनियर लेआउट सोडवत नाही त्यांच्यासाठी, आडव्या मांडणीत रुंदी ० देऊन बेसलाइन जुळवणं बंद केलं तर पहिली फेरी बऱ्याचदा वाचते.

ऑनक्रिएटच्या ३०० मिलिसेकंदांतही एक पोतं होतंच. रूम ही डेटाबेसची लायब्ररी मुख्य थ्रेडवरून वाचायला मुळात साफ नकार देते. तो नकार मोडायची एक परवानगी असते आणि कोडमध्ये ती दिलेली होती. ती काढून वाचन मागच्या थ्रेडवर टाकलं, आता कूपन लगेच दिसतं आणि नोटिसा क्षणभराने येतात. रांगेत उभ्या मुलीला नोटीस नको असते, पोहे हवे असतात. असे चोरटे डिस्क-वाचन पकडायला स्ट्रिक्ट मोड आहे, २०१० पासून आहे, आणि फार थोडे लोक तो चालू करतात.

मेनूच्या पानाचा आजार वेगळा निघाला. तिथे रोजच्या मेनूचा फोनने काढलेला फोटो जसाच्या तसा लावत होते. फाईल ३ एमबीची म्हणून कोणाला काही वाटलं नाही. पण पडद्यावर लावण्यासाठी जेपेग उलगडावी लागते. ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, झाले ४८ एमबी, तेही पोस्टाच्या पाकिटाएवढ्या जागेत दाखवायला! उलगडतानाच दोन्ही बाजू चौथाई केल्या की ३ एमबीत भागतं. ग्लाइड किंवा कॉइलसारख्या लायब्ररी हे आपण होऊन करतात.

नवीन ॲप लिहिणाऱ्या ज्युनियर्सना एक सांगते, कारण ते आता बहुतेक जेटपॅक कंपोजमध्येच लिहितात (त्याची पहिली पक्की आवृत्ती २०२१ ची). तिथे एक्सएमएल नाही, इन्फ्लेट नाही, आणि एकाच मुलाला एका फेरीत दोनदा मोजायला गेलात तर ॲप सरळ एक्सेप्शन फेकतं. आपल्या पानातला प्रकार, म्हणजे सरकणाऱ्या कॉलममध्ये त्याच दिशेने सरकणारा लेझी कॉलम, तिथे उंची अमर्याद आहे म्हणून तिथल्या तिथे क्रॅश होतो. मला हे उद्धट क्रॅश होणं आवडतं, पहिल्याच दिवशी कळतं. मात्र साध्या कॉलममध्ये चारशे ओळी टाकल्या तर कंपोजही निमूटपणे चारशे मांडतं. शिवाय कंपोज ही लायब्ररी फोनच्या सिस्टिममध्ये नसून ॲपबरोबर येते, त्यामुळे पहिल्या काही वेळा उघडताना ती जड वाटते. बेसलाइन प्रोफाइल दिलं तर नेहमीचा भाग आधीच कंपाईल होतो. आणि डीबग आवृत्तीत कंपोज बघून त्याला नावं ठेवू नका.

कोड न लिहिताही कुठल्याही ॲपची नाडी बघायची असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे 'प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग' पट्ट्यांच्या रूपात चालू करा. पडद्याच्या खालच्या भागात प्रत्येक फ्रेमची एक उभी पट्टी आणि १६ मिलिसेकंदांची आडवी हिरवी रेषा दिसेल. पट्टी रेषेच्या वर गेली की ती फ्रेम उशिरा आली. बघून झालं की तिथेच जाऊन बंद करा, नाहीतर सुट्टीत घरी गेल्यावर फोनला व्हायरस लागलाय म्हणून आई तो दुकानात घेऊन जाईल.